दोन बोटं माया

शुक्रवार, ९ जानेवारी

प्रिय बारके,

सगळ्यात आधी आली ती चष्मेवाली. चार वाजता येतो म्हणाली होती पोरं, आणि ही साडेतीनलाच दारात हजर, चपला हातात घेऊन. म्हटलं, "चपला हातात कशाला गं?" तर म्हणते, "आजी, तुमची फरशी ओली दिसली." फरशी ओली नव्हती, ती तशीच चकाकते. रोज दोनदा पुसल्यावर चकाकणारच. तिच्यामागून लांब्या आला. त्याला चौकटीत वाकावं लागत नाही, पण उंच झाल्याचा आनंद इतका की वाकतो आपला. मग आमची भिंगरी. ही माझी नात याच घरात राहते, तरी पाहुण्यासारखी बेल वाजवून आत आली. का, तर "आज मी गटाबरोबर आलेय." आणि शेवटी गप्पू. तो कधी आला ते कुणालाच कळलं नाही. खुर्ची करकरली तेव्हा दिसलं की बसलाय.

आता तू म्हणशील, ताई सात वर्षांनी पत्र टाकते आणि सुरुवात कुणाच्या तरी चपलांपासून. म्हण. दुसरीकडून कुठून सुरुवात करायची ते चार दिवस शोधलं, सापडलं नाही. तुझा पत्ता तोच असेल असं धरून चाललेय. उत्तर देशील की नाही ते मला ठाऊक नाही, पण टपालपेटीपर्यंत चालल्याने गुडघे मोकळे होतात, तेवढा तरी फायदा आहेच.

आणखी एक सांगून ठेवते. हे पत्र मी आधी कच्चं लिहिलं, भिंगरीने त्यातल्या काना-मात्रा पेन्सिलीने नीट केल्या, मग मी पक्कं उतरवलं. तेव्हा तुझं लाल पेन खाली ठेव, इथे काही सापडायचं नाही. हे रागाने लिहीत नाही. सहज लिहितेय.

तर पोरं का आली ते ऐक. ही चौघं सहावीत. यांच्या वर्गात बाकं रांगेत नाहीत, टेबलं आहेत, एका टेबलाला चार पोरं, आणि चौघांत मिळून एक टॅब. टॅब म्हणजे पाटीएवढा फोन. त्यात एक पान असतं, त्याला ही पोरं "सगळ्यांचं पान" म्हणतात. चौघंही त्यात लिहितात, प्रत्येकाचा रंग वेगळा, आणि घरी गेलं तरी घरच्या फोनवर तेच पान उघडतं. एक इथे बसून लिहितो, दुसरा त्याच्या घरून त्याच ओळीत शेपूट जोडतो. मी म्हटलं, म्हणजे एका ताटात चौघांनी जेवायचं आणि कुणी किती खाल्लं ते रंगावरून कळायचं. लांब्या म्हणाला, "तसंच आजी, पण चष्मेवाली जास्त खाते."

आता वर्गातल्या दोन टॅबच्या काचा फुटल्या, पडून. म्हणून त्यांच्या मॅडमनी वर्गाला काम दिलंय की टॅबला कापडी पिशवी तुम्हीच करा. मापं तुम्ही घ्या, हिशेब तुम्ही करा, कापड तुम्ही कापा, आणि ज्याला येतं त्याला विचारा. मॅडम स्वतः काही सांगत नाहीत. भिंगरी म्हणाली, माझ्या आजीने तीस वर्षं गणवेशाच्या कारखान्यात मशीन चालवलंय. झालं, वरात माझ्याकडे.

लांब्याने टॅब माझ्या तोंडासमोर धरला. "बोला आजी, हा ऐकून लिहितो." मी म्हटलं, "अगं बाई." त्याने लिहिलं, अगं बाई. मी म्हटलं, "हे काय लिहितोस मेल्या?" त्याने तेही लिहिलं. बारके, पोट धरून हसले मी. तिसरीत असताना मास्तर बोलायचे ते मी एवढ्या चपळाईने लिहिलं असतं तर आज कुठे असते.

मग नीट सांगितलं. कापड कसं पसरायचं, खडूने कसं आखायचं, आधी हाताने कच्चा दोरा घालायचा आणि मगच मशीनवर टीप मारायची. चारी बाजूंनी दोन बोटं माया ठेवा, म्हटलं, माया ठेवली नाही तर सगळं फुकट. मध्येच शेजाऱ्यांचं मांजर मशीनवर चढलं, त्याला हाकललं. सगळं त्या यंत्राने लिहून घेतलं. पोरांनी बिस्किटं खाल्ली, गप्पूने चार खाल्ली आणि एक शब्द बोलला नाही.

जाताना चष्मेवाली म्हणाली, "आजी, तुम्ही म्हणाल तसंच्या तसं सगळ्या वर्गाला पाठवतो."

पाठवा म्हटलं. तूही पाठव, दोन ओळी. शिलाईत 'ला'नंतरचा ई दीर्घ ना? पोरांमध्ये वाद आहे, म्हणून विचारतेय. दुसरं काही कारण नाही.

तुझी ताई


रविवार, १८ जानेवारी

प्रिय बारके,

तुझं उत्तर नाही. टपाल हल्ली मुंगीच्या पावलांनी चालतं असं पोस्टातला माणूसच म्हणतो, म्हणून मी टपालाला दोष देऊन ठेवलाय.

इकडे मोठा घोळ झाला आणि त्याचं मूळ मी. सहा गटांनी सहा पिशव्या कापल्या, शाळेतल्या शिवणाच्या मशीनवर शिवल्या, आणि एकातही टॅब जाईना. एकातसुद्धा नाही. लांब्याने जोर लावला तर शिवण टरकली. बुधवारी भिंगरी घरी आली ती दप्तर आपटत. "आजी, मॅडमनी तुला बोलावलंय." या वयात वर्गात बोलावणं.

सूनबाई म्हणाली, मी येते सोबत. मी म्हटलं, नको, मीच जाते, शिक्षा एकटीने भोगायची असते.

वर्गात पाय ठेवला आणि काय सांगू, बाजार भरलेला. पोरं उभी, बसलेली, एक तर जमिनीवर पोटावर झोपून पट्टी लावतोय. तुझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. मला माहीत आहे, कारण मी एकदा तुझ्या शाळेच्या खिडकीबाहेर उभी राहून पाहिलं होतं. तुला ते कधी सांगितलं नाही. तू फळ्यावर काहीतरी लिहीत होतीस, पन्नास पोरं एका हाताने लिहीत होती, आणि मला वाटलं, ही आमची बारकी. मग कारखान्याची दुसरी पाळी होती म्हणून निघाले.

मॅडम म्हणजे कालची पोर गं. केसांत पेन खोचलेलं, आणि तेच पेन शोधत होती. मला छोट्या खुर्चीवर बसवलं. मी म्हटलं, "माझं काही चुकलं का?" ती म्हणाली, "तेच आम्हालाही शोधायचंय, आजी. तुम्ही फक्त बसा, सांगू नका."

सांगू नका म्हणे. मला, जिची जीभ टाळूला लागत नाही.

भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर सहाही गटांची पानं लावली, आणि मॅडम म्हणाली, आजींनी जे सांगितलं त्यातलं तुम्ही काय केलं आणि काय नाही, तुम्हीच बघा. पोरं वाचायला लागली. पाचव्या गटाने पाचवी पायरी लिहिली होती, "मांजर बाहेर काढा." आणि काढलंही होतं. शाळेत मांजर नाही, म्हणून त्यांनी एकाला मांजर करून बाहेर काढलं. सांगितलेलं सगळं केलं, म्हणाले.

मग आली माया.

पहिल्या गटाने लिहिलं होतं, टॅबवर माया करावी, त्याला आपटू नये. दुसऱ्याने पिशवीवर बदाम काढला होता, त्यात दोन बोटं. तिसऱ्या गटाला वाटलं हा आशीर्वाद आहे, म्हातारी माणसं शेवटी देतात तसा, म्हणून त्यांनी तो सरळ गाळला. आणि आमच्याच गटाने, माझ्या समोर बसून ऐकलेल्यांनी, काय केलं? भिंगरी म्हणाली, "मला वाटलं आजी नेहमीसारखं बोलतेय."

मी ओठ चावून बसले होते बरं का. मॅडम माझ्याकडे बघून डोळ्यांनीच गप्प करत होती. तू असतीस तर फळ्यावर दोन ओळी लिहून मोकळी झाली असतीस, आणि अर्ध्या तासात नव्या पिशव्या कापून झाल्या असत्या, हेही खरं. पण ऐक पुढे. पोरांनी एक बिघडलेली पिशवी उसवली आणि कापड टॅबवर ठेवलं. कापड बरोबर टॅबएवढं. मग चष्मेवाली म्हणाली, "पण शिवण कुठे बसणार? शिवणीलाच जागा नाही." आणि पडद्यावर आमच्या पानात निळ्या रंगात एक एक अक्षर उमटायला लागलं. गप्पू लिहीत होता, बसल्या जागेवरून, मान खाली घालून.

"माया म्हणजे शिवणीसाठी जास्त ठेवलेलं कापड असेल. पण बोटं कोणाची?"

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मी हात वर केला, दोन बोटं. तेव्हा कुठे मॅडम म्हणाली, "आता बोला, आजी."

मग माझ्या बोटांची मोजणी झाली, पट्टी लावून. साडेतीन सेंटीमीटर. लांब्याची दोन बोटं तीन. भिंगरीची अडीचसुद्धा नाहीत. त्यावर त्यांनी पानात कोष्टक केलं, सरासरी काढली, चारी बाजूंची बेरीज केली, आणि एक वाद घातला की जाड माणसाने शिवलेली पिशवी सैल होते का. माझ्या बोटांवर गणिताचा तास झाला. तीस वर्षं याच बोटांनी मी हजारो सदऱ्यांना माया ठेवली आणि ती किती सेंटीमीटर ते मला सत्तराव्या वर्षी कळलं.

घरी येताना वाटलं, आईने मला तिसरीतून काढलं तेव्हा मी रडले नव्हते. दोघींपैकी एकीने हात चालवायला हवे होते, आणि तू लहान होतीस. मी त्याबद्दल तुला कधी बोलले नाही. आताही बोलत नाही. फक्त एवढंच की छोट्या खुर्चीवरून उठताना गुडघे कुरकुरले, मन नाही.

उत्तर दे. नाही तर नको देऊस, मी लिहीत राहीन, तुला टपालखर्च पडणार नाही.

तुझी ताई


बुधवार, २८ जानेवारी

प्रिय बारके,

हे पत्र भिंगरीने तपासलंय, पण तिला शेवटचं पान दाखवलं नाही. त्यातल्या चुका माझ्या आहेत, मोजून घे.

काल पोरं पुन्हा आली. नव्या पिशव्यांना बटणं हवी होती. मी म्हटलं, माझा बटणांचा डबा काढा कपाटातून, त्यात शाळाभर पिशव्यांना पुरतील इतकी आहेत. चष्मेवालीने डबा ओतला आणि तळातून निघालं पत्र. चार घड्या घातलेलं.

तुला आठवत असेलच. ते मी लिहिलं होतं, माझ्या हाताने, आयुष्यातलं पहिलं. त्याआधी जे काही लिहायचं ते मी सांगायची आणि दुसरं कुणीतरी लिहायचं. भिंगरी बालवाडीत गेली, तिच्याबरोबर बसून मी पुन्हा गिरवलं, आणि पहिलं पत्र तुला टाकलं. आठ दिवसांनी तेच पत्र परत आलं. लाल शाईने भरलेलं. मी पाकीट उघडलं, लाल लाल बघितलं, आणि घडी घातली. वाचलं नाही. बटणांच्या डब्यात टाकलं, कारण जळो मेलं म्हणायला तोंड उघडेना. आणि मग तुला लिहिलं नाही. सात वर्षं. तुझे दोन फोन आले तेव्हा मी सूनबाईला सांगितलं, सांग झोपलेय. सकाळी अकराला झोपलेय. तुला ते तेव्हाच कळलं असणार.

पोरांनी विचारलं, "आजी, हे कोणाचं?" मी म्हटलं, ठेवा ते. पण ठेवतील तर पोरं कसली. लांब्या म्हणाला, "अरे, यात कुणीतरी टिपा दिल्यात."

टीप म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर मशीन येतं. म्हटलं, कसली टीप? तर त्यांच्या सगळ्यांच्या पानात असं असतं की एकाने लिहिलेलं दुसऱ्याला खटकलं तर तो बाजूला टीप लिहितो. आणि नियम असा की टीप आली की उत्तर द्यायचंच. "पटलं" म्हणायचं, नाही तर "नाही पटलं, कारण" म्हणून कारण लिहायचं. उत्तर न देता पान बंद केलं तर मॅडम गट मोडतात.

चष्मेवालीने मोजलं. "चौदा टिपा आहेत. आजी, तुम्ही एकीलाही उत्तर नाही दिलं."

मी म्हटलं, "त्या टिपा नाहीत गं, चुका काढल्यात माझ्या. माझी बहीण शाळेत मोठी बाई होती, तिला सवय."

"मग? माझ्या पानावर परवा एकवीस होत्या," लांब्या म्हणाला, "त्यातल्या अठरा हिनेच दिल्या."

"कारण अठरा चुका होत्या," चष्मेवाली म्हणाली.

"आणि तू रुसला नाहीस?" मी विचारलं.

"रुसलो ना. मधल्या सुट्टीपर्यंत."

मधल्या सुट्टीपर्यंत, बारके. आणि मी सात वर्षं.

मग ती आगाऊ चष्मेवाली, तिने कागद उलटला. मागे कुणी बघतं का? मी तर पुढचंच बघितलं नव्हतं. मागे तुझ्या अक्षरात लाल शाईने शेरा होता, आणि तिने तो मोठ्याने वाचला, शाळेत वाचतात तसा, स्वल्पविरामाला थांबत. "अक्षर वळणदार. मजकूर जिवंत. काना-मात्रांकडे लक्ष द्यावे. तुझ्या हातचे पहिले पत्र आहे, ते तुझ्यापाशीच राहावे म्हणून मूळ प्रत परत पाठवते. माझ्यासाठी नक्कल करून घेतली आहे. पुढचे लवकर लिही. वाट पाहते."

पुन्हा वाच म्हटलं. तिने पुन्हा वाचलं.

काखेत कळसा म्हणतात ना, माझा बटणांच्या डब्यात होता.

मी उठून बिस्किटं आणायला गेले. बिस्किटं टेबलावरच होती. स्वयंपाकघरात जरा वेळ नळ सोडून उभी राहिले, तोंडावर पाणी मारलं आणि परत आले. गप्पूने तेवढ्यात बटणं रंगांप्रमाणे लावून ठेवली होती.

नंतर भिंगरीने तुला पानावर बोलवायचं ठरवलं. पिशवी कशी करायची ते पोरांनी नीट लिहून काढलंय, ते खालच्या वर्गांना द्यायचंय, आणि मॅडम म्हणाल्यात की बाहेरच्या कुणी जाणत्या माणसाने एकदा टिपा दिल्या तर बरं. सूनबाईने तुझ्या मुलाकडून तुझा नंबर घेतलाय. त्यावर पानाचं दार, म्हणजे ती लिंक, पाठवतील. उघडायचं की नाही ते तुझं तू बघ. तुला असला गोंगाटाचा वर्ग पटणार नाही, हे मी पोरांना आधीच सांगून ठेवलंय. पोरं म्हणाली, नाही पटलं तर कारण लिहायचं.

आता माझं शेवटचं. चौदा टिपा मी आज सकाळी एक एक करून वाचल्या. चौदाही पटल्या. उत्तराला उशीर झाला.

तू वाट पाहणं सोडलं असशील तर तेही बरोबरच आहे. पण सोडलं नसशील तर एवढं कळव.

तुझी ताई


शनिवार, ७ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुला सगळं ठाऊक आहे, तू तिथेच होतीस, पण तुझ्या बाजूने तुला फक्त अक्षरं दिसली. इथे खोलीत काय चाललं होतं ते लिहिल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

गुरुवारी दुपारी आम्ही सगळे टेबलाभोवती. मॅडमही आल्या होत्या, पहिल्यांदाच घरी, केसांत दोन पेनं. लांब्या लाल रंगात काहीतरी लिहीत होता, आणि एकदम वरच्या ओळीत हिरवी काडी लुकलुकायला लागली. हिरवा कुणाचाच नाही. भिंगरी म्हणाली, "कोण आलं पानात?" मॅडमनी नाव बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

रंग यंत्र देतं म्हणे, मागून मिळत नाही. तुला हिरवा आला. लाल आधीच लांब्याला गेलाय.

ती काडी बराच वेळ नुसती लुकलुकत होती. लांब्या कुजबुजला, "आजी, त्या वाचतायत," जसं काही मोठ्याने बोललं तर तू पळून जाशील. मग काडी खाली सरकली. एका ओळीला थांबली. पुन्हा सरकली. माझ्या छातीत मशीन चालू झालं होतं, पायडलवर पाय न ठेवता.

पहिली टीप आली तेव्हा चष्मेवालीने वाचली. "शिलाईतला ई दीर्घच. वाद मिटवावा." म्हणजे तुला माझं या वेळचं पहिलं पत्र मिळालं होतं. पोचलं होतं ते. लांब्याने टेबलावर डोकं ठेवलं, कारण तो ऱ्हस्ववाला.

दुसरी, तिसरी, चौथी. पोरं धडाधड "पटलं, पटलं" लिहीत होती. तू भरभर तपासतेस गं अजून. मॅडम मला हळूच म्हणाल्या, "यांना आमच्या शाळेत आणता येईल का?" मी म्हटलं, तुमचा गोंगाट ऐकून त्या पट्टी काढतील. मॅडम म्हणाल्या, पट्टी आम्हाला लागतेच, मापं घ्यायला.

आणि मग ती टीप. सहाव्या ओळीवर. "माया हा शब्द येथे गोंधळात टाकतो. त्याऐवजी 'जास्तीचे कापड' लिहावे, म्हणजे सर्वांना कळेल."

चौघांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, आजी, हे तुमचं वाक्य आहे, उत्तर तुम्ही द्या. मी म्हटलं, ती शिकलेली आहे, ती म्हणते ते बरोबर असेल, पटलं लिहून टाका. भिंगरी म्हणाली, "पण तुला पटलंय का?"

नव्हतं पटलं.

म्हणून मग टॅब पुढे ओढला. लांब्या म्हणाला, बोला, तो लिहील. मी म्हटलं, नाही, लिहिते. एका बोटाने लिहिलं, अक्षर शोधून शोधून, गप्पू फक्त बोट दाखवत होता कुठे कुठलं आहे ते. तुला तिकडे वाटलं असेल पान अडकलं. अडकलं नव्हतं, मी "ळ" शोधत होते. वाक्य तुझ्याकडे आहेच, पण मला ते पुन्हा लिहायला आवडतंय, म्हणून लिहिते. "नाही पटलं. कारण जास्तीचं कापड आम्ही कापून टाकतो. माया आत राहते. मूल वाढलं की शिवण उसवून तिच्यातूनच सदरा मोठा करता येतो."

लिहिलं आणि टॅब सोडून हात मांडीवर ठेवले. वाटलं, झालं, पुन्हा सात वर्षं.

हिरवी काडी लुकलुकत राहिली. मॅडमनी पेन चावायला घेतलं. आणि मग तुझं आलं, एवढंसं. "पटलं."

आणि त्याखाली, मी बघतच होते, "ताई, 'वाढलं' मध्ये या वेळी ढ बरोबर लिहिलास."

सगळी टेबलाभोवती हसायला लागली. मॅडमसुद्धा. मी हसले की नाही ते पोरांना विचार, मला आठवत नाही. चष्मेवाली नंतर दारात चपला घालताना म्हणत होती, "तुमच्या बहिणीने एक पण चुकीची टीप दिली नाही, ती सोडून," आणि लांब्या म्हणाला, "ती पण दिली म्हणूनच मजा आली." गप्पू जाता जाता "येतो" म्हणाला. मला म्हणाला. मी त्याला पहिल्यांदा ऐकलं, आवाज अगदी जाडा आहे, मी दचकलेच.

पिशव्या झाल्या आहेत, सहाही, टॅब आत सुळकन जातो. आता खालच्या वर्गाला शिकवायचंय, आणि पाचवीची पोरं म्हणे यांच्याहून वांड. मॅडम म्हणाल्या, पहिला धडा शाळेत नको, इथेच घेऊ, मशीनपाशी, आजी शिकवतील आणि आपण बसू. मी म्हटलं, मी शिकवणार? त्या म्हणाल्या, तुम्ही तर सांगायचं नाही, फक्त बसायचं. पुन्हा तेच.

दिवस ठरला तो पोरांनी पानात लिहिला, प्रत्येकाने आपल्या रंगात "येतो", "येते" लिहिलं. मॅडमनी लिहिलं. आणि काल सकाळी भिंगरीने पान उघडलं तर सगळ्यांच्या खाली हिरव्यात आणखी एक ओळ, तू रात्रीतून कधीतरी लिहिलेली. मी सूनबाईला दोनदा वाचायला लावली आणि मग स्वतः वाचली.

खोली पुसून ठेवते. उशी तुला कडक लागते ना अजून, की बदललं? सूनबाई म्हणते दोन ठेवू, एक कडक एक मऊ.

तर शनिवार, २१ फेब्रुवारी, दुपारी चार वाजता. पोरं, मॅडम आणि तू.

तुझी ताई